मन पळालं? परत आणा!

आजचे श्लोक : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६, ३४ आणि ३५



सकाळी माळ घेऊन बसलो की पाचव्या-सहाव्या मण्यालाच माझं मन ऑफिसात पोचलेलं असतं. कालचा बग, आजची मीटिंग. मध्यंतरी तर माळ ठेवूनच दिली होती. म्हटलं, आपल्याला हे काही जमणार नाही.

अर्जुनाचीही हीच तक्रार आहे. मन आवरणं त्याला वारा आवरण्याइतकं अवघड वाटतं. गंमत म्हणजे भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करतात आणि दोन उपाय देतात : अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यासाने काय होतं? लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल, तर शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. यात तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने अशा उमेदवारांच्या मेंदूचे स्कॅन आधी आणि नंतर काढले. सुरुवातीला सगळे सारखेच होते. पण २०११ साली छापलेल्या निष्कर्षानुसार, जे पास झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढला होता. नापास झालेल्यांचा नाही. मेंदूच्या या बदलण्याच्या क्षमतेला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. वापरातल्या जोडण्या बळकट होतात, न वापरलेल्या क्षीण होतात.

गीता म्हणजे काही मेंदूशास्त्राचं पुस्तक नाही, आणि नाम आपण मेंदू वाढवायला घेत नाही. पण मला एक गोष्ट कळली. नामाची वाट रोज तुडवणं हा अभ्यास, आणि फोनकडे जाणारी वाट मोडू देणं हे वैराग्य. दोन्ही लागतात.

आता श्लोक २६ पाहा. मन जिथे जिथे भटकेल, तिथून तिथून त्याला परत आणायचं. किती वेळा? भगवंतांनी आकडा दिलेलाच नाही! म्हणजे मन वीस वेळा पळालं आणि वीस वेळा आणलं, तर आपण वीस वेळा नापास झालो नाही. वीस वेळा अभ्यास झाला. परत आणणं हीच तर साधना. मी इतके दिवस तिलाच अपयश समजत होतो.

आजचा नेम : फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एक माळ करा. मन पळालं तर चिडू नका, पुढच्या मण्यावर या. उद्या पुन्हा बसा.

रामकृष्णहरी! 🙏