आवाजाची फाईल लहान करा, पण आवाज हरवू नका



मागे आमच्या सातवीच्या मुलांनी गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. पाठवायला सोपं जावं म्हणून मी फाईलची एमपी३ केली आणि मूळ फाईल उडवली. चूक माझीच. नंतर काटछाट करताना तीच फाईल दोन-तीनदा पुन्हा एमपी३ झाली आणि जात्याची घरघर पाण्यातून आल्यासारखी ऐकू यायला लागली. आजी आता नाहीत.

एमपी३ कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग काढून टाकते. एकदा गेला की गेला. पण काहीही न टाकता फाईल लहान करता येते. २००१ साली आलेला ‘फ्लॅक’ हा प्रकार तेच करतो, आणि त्यातलं गणित शाळेतलंच आहे.

सीडीवर आवाज म्हणजे नुसते आकडे. डाव्या आणि उजव्या, प्रत्येक बाजूचे सेकंदाला ४४,१००. एका मिनिटाला साधारण १० एमबी! फ्लॅक आधीच्या आकड्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतो. १००, १०४, १०८ नंतर काय? मुलं लगेच ११२ म्हणतील. खरा आकडा ११३ असेल तर फक्त चूक, म्हणजे १, लिहून ठेवायची. लहान आकड्याला जागा कमी लागते. उघडताना तोच अंदाज बांधायचा, त्यात चूक मिळवायची, की मूळ आकडा जसाच्या तसा परत.

खरी गंमत स्टिरिओत आहे. दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा जवळजवळ सारखाच आवाज असतो. मग दोन्ही पूर्ण कशाला लिहायचे? सरासरी आणि फरक लिहायचा. डावा १००३, उजवा ९९८. फरक ५. बेरीज २००१, तिची निम्मी १०००.५. पण फ्लॅक अर्धा सोडून १००० च लिहितो.

इथे वर्गात हात वर होतोच, “सर, अर्धा गेला की!”

नाही गेला. दोन पूर्ण संख्यांची बेरीज आणि वजाबाकी एकतर दोन्ही सम असतात, नाहीतर दोन्ही विषम. फरक ५ विषम, म्हणजे बेरीजही विषमच होती. म्हणून १००० ची दुप्पट अधिक १, बेरीज २००१ परत मिळाली. (२००१ + ५) ÷ २ = १००३ आणि (२००१ − ५) ÷ २ = ९९८. सम-विषम कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्याला हे जरूर दाखवा.

फ्लॅकमध्ये आठपर्यंत चॅनेल बसतात, पण ही सरासरी-फरकाची युक्ती फक्त दोनच चॅनेल असतील तेव्हा चालते. सिनेमाच्या ५.१ आवाजात सहा चॅनेल असतात. तिथे फ्लॅक प्रत्येक चॅनेल वेगळा आवळतो. एमपीईजी-४ एएलएस या दुसऱ्या पद्धतीत मात्र अनेक चॅनेलमधलं साम्यही वापरता येतं.

पालकांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज जपायचा असेल तर रेकॉर्डिंग ॲपमध्ये जमल्यास ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ निवडा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधूनही फ्लॅक काढता येते. पाठवायला एमपी३ खुशाल करा, पण मूळ फाईल ठेवा. एमपी३ ची फ्लॅक केली तर गेलेलं परत येत नाही. मी करून बघितलंय.

मुलांना सोडवायला द्या: लिहिलेली सरासरी ७४०, फरक ७. डावा किती, उजवा किती? (उत्तर: ७४४ आणि ७३७)