आभासी यंत्रांच्या प्रती : त्या कशा राखाव्या व कशा परत उभाराव्या

आमच्या कन्नड गावाच्या उत्तरेस जी डोंगररांग दिसते, तिच्याच पूर्वेकडील एका दरीत अजिंठ्याची लेणी आहेत, हे विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु त्या लेण्यांतील चित्रांच्या नकलांचे काय झाले, ही हकीकत थोड्यांसच ठाऊक असते. इ. स. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची त्या नकला करण्याच्या कामी नेमणूक झाली. जवळजवळ वीस वर्षे तो त्या कामात गढलेला होता. त्याची तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस नामक प्रदर्शनगृहात मांडलेली असता, १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली व थोडी वगळता सारी भस्मसात झाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने आरंभिले. त्या नकलाही लंडनास गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात आग लागून त्यांतील पुष्कळ जळाल्या. इकडे लेण्यांतील मूळ चित्रे काळाने झिजतच होती.

प्रत करणाऱ्यांच्या श्रमांत येथे काहीच उणे नव्हते. उणे होते ते एवढेच की, श्रमांचे सारे फळ एका छपराखाली ठेविले गेले. हाच दोष आज चित्रांच्या ऐवजी संगणकातील नोंदींच्या बाबतीत घडतो. यास्तव त्या नोंदी कशा राखाव्या, आणि बिघाड झाल्यावर त्या परत कशा उभाराव्या, याचा विचार या लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे. शेताचा सात-बारा, पतपेढीतील ठेव, रुग्णालयातील तपासणीचा कागद, आणि विद्यार्थीहो, तुमचे गुण, ही सर्व आज कोठल्या ना कोठल्या सर्व्हरमध्ये नोंदलेली आहेत. तेव्हा हा विषय केवळ यंत्रविद्या शिकणाऱ्यांचा नव्हे.

प्रथम 'आभासी यंत्र', म्हणजे ज्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात, ते काय हे पाहू. पूर्वी एका कामास एक संगणक अशी रीत होती. त्यात पैसा फार जाई, आणि प्रत्येक संगणक बहुतेक वेळ रिकामा बसे. पुढे अशी युक्ती निघाली की, एकाच मोठ्या संगणकावर अनेक संगणक नांदवावे. मोठ्या वाड्यात चार बिऱ्हाडे असतात. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळे. परंतु पाया, भिंती व आड एकच. तसेच हे आहे. वाडा म्हणजे प्रत्यक्ष संगणक, बिऱ्हाडे म्हणजे आभासी यंत्रे, आणि कोणास किती जागा द्यावयाची हे पाहणारा कारभारी म्हणजे हायपरव्हायझर नावाची प्रणाली. यात एक मोठी सोय आहे. आभासी यंत्राचे सारे बिऱ्हाड, म्हणजे त्यातील प्रणाली, नोंदी व मांडणी, काही थोड्या फायलींत सामावलेले असते. त्या फायली उचलल्या की सबंध बिऱ्हाड उचलले, आणि दुसऱ्या वाड्यात ते जसेच्या तसे मांडता येते. परंतु धोकाही तितकाच मोठा. पूर्वी एक संगणक बिघडला तर एक काम अडे. आता वाडा पडला तर चारही बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतात.

म्हणून अशा ठिकाणी केवळ प्रती राखण्याकरिताच घडविलेले निराळे यंत्र ठेवितात. त्यास बॅकअप अप्लायन्स म्हणतात. तबकड्यांची पेटी व प्रती करण्याची प्रणाली यांत एकत्र बसविलेली असते. दुसरे कोणतेही काम त्यास देत नाहीत. त्याच्या कामाच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी क्षण धरण्याची. चालू यंत्राची प्रत करीत असता मध्येच नोंद बदलली, तर प्रतीचा अर्धा भाग आधीचा व अर्धा नंतरचा होईल. म्हणून अप्लायन्स हायपरव्हायझरकडून त्या क्षणाचा स्नॅपशॉट घेविते. यंत्र आपले काम चालू ठेवते, पण प्रत मात्र त्या एका क्षणाची होते. दुसरी पायरी फरक टिपण्याची. पहिल्या दिवशी संपूर्ण प्रत घ्यावी लागते. पुढे रोज केवळ जे भाग बदलले तेवढेच घेतात. तिसरी पायरी पुनरुक्ती गाळण्याची. फळ्यावरील एकच कविता वर्गातील चाळीस मुलांनी वहीत उतरविली, तर ती चाळीस वेळा राखण्याचे कारण नाही. एकदा राखावी व बाकीच्या वह्यांत 'तेथे पाहावे' अशी खूण करावी. अप्लायन्सही सर्व यंत्रांतील सारखे तुकडे एकदाच ठेविते व जागा वाचविते. चौथी पायरी मुदत बांधण्याची. उदाहरणार्थ, सात दिवसांच्या रोजच्या, चार आठवड्यांच्या साप्ताहिक व बारा महिन्यांच्या मासिक प्रती ठेवावयाच्या. जुन्या प्रती का, असे कोणी विचारील. चूक आज उघडकीस आली तरी ती झाली असते तीन आठवड्यांपूर्वी. तेव्हा कालची प्रतही चुकीचीच असते.

आता एक गणित करू. एका कचेरीत चार आभासी यंत्रे आहेत व प्रत्येक १०० गिगाबाइटांचे आहे. एकूण ४०० गिगाबाइट. बाहेरगावी जोडणाऱ्या तारेचा वेग सेकंदास २० मेगाबिट आहे. एक गिगाबाइट म्हणजे ८,००० मेगाबिट धरिले, तर सारी प्रत तारेवरून पाठविण्यास १,६०,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस तास लागतील. कचेरीतल्या कचेरीत सेकंदास १,००० मेगाबिट वेगाची तार असल्यास हेच काम ३,२०० सेकंदांत, म्हणजे एका तासाच्या आत होईल. आणि दिवसाकाठी शेकडा पाच भाग बदलत असेल, तर तो २० गिगाबाइटांचा फरक बाहेरगावी पाठविण्यास सव्वादोन तास पुरे होतील. यावरून दिसून येईल की एक प्रत जवळ असावी, म्हणजे यंत्र लवकर उभे राहील; आणि दुसरी दूर असावी, म्हणजे आग व पूर यांतून वाचेल. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने आपल्या कन्नड घाटात दरडी कोसळल्या व रस्ता बंद पडला, हे पालकांच्या स्मरणात असेल. केवळ घाटाखालीच प्रत ठेवणाराची अशा वेळी अडचण होईल. केवळ घाटावरच ठेवणाराची दुसऱ्या एखाद्या वेळी होईल. जाणते लोक म्हणतात की, प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी अन्य स्थळी असावी.

आगीहून निराळा शत्रू म्हणजे खंडणीखोर प्रणाली. ती नोंदी चोरून गुप्त लिपीत बंद करिते व किल्लीकरिता पैसे मागते. २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरांवर असा हल्ला झाला. त्या वेळी महामंडळाने असे कळविले की, सर्व्हरांच्या प्रती निराळ्या जाळ्यावर ठेविलेल्या असल्यामुळे त्यांस बाधा पोहोचली नाही. हा 'निराळ्या जाळ्यावर' शब्द विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. अप्लायन्सचा परवलीचा शब्द सर्व्हरांच्याच शब्दासारखा ठेविला, तर चोर आधी त्याच्याकडेच जातो. म्हणून त्याचे कुलूप निराळे हवे. आणि एकदा लिहिलेली प्रत ठरलेल्या मुदतीपर्यंत धन्यासही पुसता येऊ नये, अशी सोय त्यात असावी.

दुसरे उदाहरण २७ जून २०१७ चे आहे. त्या दिवशी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत नॉटपेट्या नावाची विनाशक प्रणाली शिरली, आणि मुंबईजवळील न्हावाशेवा बंदरातील तिच्या धक्क्यावरील कामही अडले. कोणास कोठे प्रवेश आहे याची नोंद राखणारे सुमारे दीडशे सर्व्हर त्या कंपनीत होते, आणि ते एकमेकांच्या नोंदी क्षणोक्षणी उतरवून घेत असत. त्यामुळे निराळ्या प्रतीची गरज कोणास भासली नव्हती. परंतु विनाशही क्षणात सर्वत्र पसरला. वाचला तो आफ्रिकेतील घाना देशातला एकच सर्व्हर. कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती! त्याची तबकडी माणसाहाती इंग्लंडात नेण्यात आली व त्यावरून पुढची उभारणी झाली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने मांडावे लागले. आरशातील प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे. मुख काळे झाले की प्रतिबिंबही काळे होते. आणि वीज जाण्याच्या दैवयोगावर कोणी विसंबून राहू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रत घेतली म्हणजे काम झाले, असे बहुतेकांस वाटते. आम्हांसही वाटत असे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत काम करीत असता गुणांच्या नोंदी राखण्याची जबाबदारी आम्हांवर होती. प्रती ठेवणाऱ्या पेटीचा हिरवा दिवा आम्ही रोज सकाळी पाहत असू व निश्चिंत होत असू. एके उन्हाळ्यात मूळ तबकडी निकामी झाली. आम्ही शांतपणे प्रत उघडावयास गेलो, तो मागील चौदा महिन्यांची एकही प्रत धड नव्हती. पेटी भरून गेली होती व नवे काही लिहिले जात नव्हते. तो हिरवा दिवा वीज चालू असल्याचा होता, प्रत नीट असल्याचा नव्हे. मग घरोघर निरोप धाडिले. पालकांनी पत्र्याच्या पेट्यांतून, देवळीतून, गादीखालून मुलांची प्रगतिपुस्तके काढून आणिली, आणि त्यांवरून आम्ही नोंदी पुन्हा लिहिल्या. परंतु दोन मुले ऊसतोडीस गेलेल्या आईबापांची होती. त्यांच्या घरी कागद उरला नव्हता. त्यांचा दाखला वेळेवर देता आला नाही, आणि त्यांतील एकाचे शिक्षण पुढे वर्षभर खोळंबले. त्याच्या बापाने आम्हांस दोष दिला नाही; दिला असता तर बरे वाटले असते.

यास्तव प्रतीची खरी परीक्षा ती परत उभारूनच होते. चांगल्या अप्लायन्समध्ये अशी सोय असते की, रात्री प्रत घेतल्यावर ते आभासी यंत्र बाहेरच्या जाळ्यापासून अलग ठेवून तेथल्या तेथे सुरू करून पाहावे, आणि ते उठून उभे राहते की नाही याचा अहवाल द्यावा. मूळ सर्व्हर बंद पडल्यास, दुरुस्ती होईपर्यंत, अप्लायन्सवरूनच ते यंत्र काही काळ चालविताही येते. काम मंद चालते, पण अडत नाही. तथापि अहवाल वाचणारा मनुष्य हवाच. आठवड्यास एखादी फाईल व तीन महिन्यांस एखादे सबंध यंत्र परत आणून पाहावे, आणि त्यास लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा. तसेच दोन प्रश्न आधीच विचारून ठेवावे : किती काळाचे काम गेले तर सोसवेल? आणि किती काळ थांबणे सोसवेल? रात्री दहास प्रत घेतली व दुसऱ्या दिवशी दुपारी चारास यंत्र बिघडले, तर अठरा तासांचे काम गेले. पतपेढीस हे सोसणार नाही. मग तिने तासातासास प्रत घ्यावी.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलांचे दाखले, जातीचे प्रमाणपत्र व जमिनीचे कागद यांच्या प्रती एकाच मोबाइलमध्ये ठेवून निश्चिंत होऊ नये. एक प्रत घरी, एक विश्वासू नातलगाकडे परगावी असावी, आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. बाहेरगावी मजुरीस जाणाऱ्यांनी तर हे अगत्याने करावे. अशा कुटुंबांचे कागद आमच्या शाळेत आणून दिल्यास त्यांची प्रत आम्ही आनंदाने राखू.

पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. संदेष्ट्याच्या तोंडून ऐकून बारूखाने ग्रंथपट लिहिला. तो यहोयाकीम राजापुढे वाचला जात असता राजाने त्याचे तुकडे केले व शेगडीत टाकून जाळिले. राजास वाटले, शब्द संपले. परंतु यिर्मयाने दुसरा पट घेतला, बारूख पुन्हा लिहावयास बसला, आणि पहिल्या पटातील सर्व वचने लिहून वर आणखी भर पडली. त्या काळी प्रत राखणारे निराळे यंत्र नव्हते. सांगणारा जिवंत होता आणि लिहिणारा पुन्हा बसावयास तयार होता, एवढेच. आज यंत्र आहे. ते बारूखाप्रमाणे रोज रात्री मुकाट्याने लिहीत बसेल. परंतु लिहिलेले वाचून पाहण्याचे काम आपलेच आहे. जो वाचून पाहत नाही त्याच्यापाशी प्रत नसून हिरवा दिवा मात्र असतो.