फिरत्या घरावरील सौरवीज व तिचा फ्यूज

निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारगाड्या अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलिया येथे पुष्कळ आहेत. आपल्याकडेही त्या तुरळक दिसू लागल्या आहेत. त्यांच्या टपावर सौर पॅनेले बसवून आतली बॅटरी भरून घेतात. विजेच्या सामानाचा व्यापार करणाऱ्या सभासदांस आणि अशा गाडीतून सहकुटुंब प्रवास करू इच्छिणाऱ्यांस उपयोगी पडावा, म्हणून तिच्यातील फ्यूजचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो तारेसाठी असतो. सोसेल त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला तर तार तापून तिचे वेष्टन पेटण्यापूर्वी फ्यूजने वितळावे, एवढेच त्याचे काम. हा अधिक प्रवाह येतो कोठून? मुख्यतः टपावरून नव्हे. शंभर वॅटच्या पॅनेलाच्या दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या तरी ते सुमारे ६ अँपिअरच देते. बॅटरीचे तसे नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतून शॉर्ट सर्किट होताच शेकडो, प्रसंगी हजारो अँपिअर धावतात. एवढ्या व्होल्टांनी झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. आग मात्र लागते, आणि तीही माणसे आत निजलेली असताना. यास्तव फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्यतो वीतभर अंतराच्या आत असावा. तो दूर कंट्रोलरपाशी बसविला तर मधली सारी तार निराधार राहते, आणि पत्र्याच्या कडेवर घासून झिजते ती बहुधा हीच.

चारशे वॅटची पॅनेले असली तर बॅटरीकडे सुमारे ३० अँपिअर प्रवाह जातो. त्याची सव्वापट साडेसदतीस. म्हणजे फ्यूज ४० अँपिअरचा, आणि तार तेवढा प्रवाह निर्धास्त सोसणारी, १० चौरस मिलिमीटर तांब्याची. फ्यूज वारंवार जातो, मोठा द्या, असे म्हणत गिऱ्हाईक आले तर दुकानदाराने आधी तारेची जाडी विचारावी. तार तीच ठेवून मोठा फ्यूज विकणे म्हणजे त्याच्या घरात निखारा ठेवण्यासारखे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टपावर तीन किंवा अधिक पॅनेले समांतर जोडली असतील, तर बिघडलेल्या एकात इतरांचा प्रवाह शिरतो. तेथे प्रत्येकास स्वतंत्र फ्यूज हवा, व तो पॅनेलाच्या पाठीवर छापलेल्या मर्यादेहून मोठा नसावा. दोनच असतील तर सहसा गरज नाही. चार पॅनेले एकामागून एक जोडली की व्होल्ट ८८ च्या घरात जातात. मोटारीतले नेहमीचे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टांपुरतेच असतात. ते येथे वापरू नयेत. घरगुती स्विचही चालत नाही. घरची वीज सेकंदास शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विचातली ठिणगी विझते. पॅनेलाची एकदिश वीज शून्यावर येत नाही, ठिणगी जळतच राहते. डी.सी. असे छापलेला स्विचच घ्यावा.

जोडणी करताना कंट्रोलरला आधी बॅटरी व मग पॅनेले जोडावीत. सोडविताना पॅनेले आधी. ऊन असेल तर त्यांवर प्रथम जाड ताडपत्री टाकावी.