भीतीचे भाडे

शहरात घराला भाडे द्यावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिथे भीतीचेही भाडे द्यावे लागते. ते कसे, पाहू या.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत दंगली पेटल्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत ९०० माणसांचा जीव गेला, अशी नोंद न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. त्यांत मुसलमान होते, हिंदूही होते. संचारबंदी लागली. पगारदाराचा पगार महिनाअखेर आला. पण हमाल, बिगारी, फेरीवाला यांची चूल रोजच्या कमाईवर. काम नाही, तर दाणा नाही. हजारो लोक मिळेल त्या गाडीने गावी निघाले.

दंगल थांबली. भीती काही थांबली नाही. आजवर शेजारी राहिलेली माणसे वेगळी होऊ लागली. ‘आपल्या माणसांत राहिलेलं बरं,’ असे हिंदूंना वाटले, मुसलमानांनाही वाटले. कित्येक मुसलमान कुटुंबे मुंबई सोडून ठाण्यापलीकडे मुंब्र्याला गेली. तिथली वस्ती भराभर वाढली. पाणी, रस्ते, दवाखाने त्या मानाने वाढले नाहीत.

आता हिशेब मांडा. समजा, एका शिंप्याचे काम भायखळ्याला आहे. पूर्वी तो पायी जाई. आता मुंब्र्याहून लोकलने तासभर जायला, तासभर यायला. तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच. तेवढ्या वेळात त्याने आणखी कापड शिवले असते. हेच ते भीतीचं भाडं! त्याची पावती मात्र कुणी देत नाही.

भीती श्रीमंतालाही असते. पण तो उंच भिंत बांधतो, फाटकावर पहारेकरी ठेवतो. पहारेकरी रात्रभर दुसऱ्याचे घर राखतो. त्याची स्वतःची बायकापोरे झोपडपट्टीत असतात. त्यांना कोण राखणार? भीती सर्वांना सारखी, पण भाडे गरिबालाच जड.

यावर उपाय आहे का? भिवंडीत पाहा. यंत्रमागांच्या या शहरात १९७० व १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या होत्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत हिंदू आणि मुसलमान एकत्र बसत. पोलीसही असत. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. अफवा उठली, तर खरे-खोटे विचारायला ओळखीचे दार झाले. १९९२-९३ साली जवळची मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली.

भिंतीने भीती झाकते. ओळखीने ती कमी होते.

विचार करा :
१. शिंप्याने भीतीचे भाडे कसकसे भरले?
२. आपल्या गावात एका आळीचे लोक दुसऱ्या आळीत जायला कचरतात का? त्यात नुकसान कुणाचे?