गोल्फचा स्विंग घरी शिकता येईल?

प्रश्न : मी आळंदचा. जवळ गोल्फचं मैदान नाही. स्विंगचा पाया घरीच पक्का करता येईल का?

उत्तर : येईल, आणि सुरुवात चेंडूशिवायच करा. दांडा डाव्या हाताच्या बोटांत धरा, तळव्यात नव्हे. मूठ आवळली की मनगट अडकतं. क्लब मागे नेताना खांदे पूर्ण वळू द्या, भार उजव्या पायावर येईल. खाली येताना मात्र आधी कंबर वळते, हात तिच्यामागून येतात. बहुतेकांचं इथेच चुकतं: विटीदांडूसारखं नुसत्या हातांनी मारतात. शेवटी छाती लक्ष्याकडे, भार डाव्या पायावर. मोकळ्या खळ्यावर सात नंबरच्या आयर्नने अर्धाच स्विंग घोटवा. 2021मध्ये टोकियो ऑलिंपिक खेळलेल्या उदयन माने यांची कंबर कशी वळते, ते संथ चित्रफितीत पाहा. आसपास मुलं नाहीत ना, हे बघूनच क्लब फिरवा.