दोन दोऱ्यांचा पतंग विकत घेण्याआधी

तात्यापारा, रायपूर
१९ जानेवारी २०२६

चि. भाचीस,

छत्तीसगडात मामा भाचीच्या पाया पडतो. हे कौसल्येचं माहेर, राम इथला भाचा, म्हणून इथं प्रत्येक भाचा-भाची पूज्य. तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरातही ही रीत कधीच रुजली. तेव्हा आधी तुला नमस्कार, मग वयाच्या अधिकाराने आशीर्वाद.

नागपुरात कुणी दोन दोऱ्यांचा वापरलेला पतंग विकतंय, तू तो एका संध्याकाळी उडवून पाहिलास आणि आता घ्यावा की नाही विचारतेस. तू लिहितेस, "मामा, काय ओढतो! हात खांद्यातून निघेल असं वाटतं." हे वाक्य मी दोनदा वाचलं. ओढ ही कसरतीच्या पतंगाची परीक्षाच नव्हे. वारा बरा असला की कुठलाही मोठा पतंग ओढतो. दोऱ्या सैल पडल्यावर तो काय करतो, ते बघायचं.

ढील तुला मी शिकवायची गरज नाही. नागपूरच्या गच्चीवर तू दहा वर्षांची असल्यापासून ढील देऊन पेच काटत आली आहेस. पण तिथं चक्रीतून मांजा सुटतो आणि पतंग दूर जातो. इथं चक्री नाही. दोऱ्या मापाच्या असतात, बहुतेक २५ ते ३० मीटर, त्यामुळे ढील द्यायची ती हात पुढे नेऊन आणि दोन पावलं पतंगाकडे चालून. ती ढील टिकते अर्धा-एक सेकंद. सगळी कसरत तेवढ्यातच होते.

अशी पारख कर. पतंग वाऱ्याच्या कडेला ने, म्हणजे तुझ्या अगदी डाव्या किंवा उजव्या अंगाला, जिथं ओढ मरते. नाक वर, पंख समतोल, आणि जागच्या जागी थांबव. याला स्टॉल म्हणतात. चांगला पतंग दोन-तीन श्वास तरी उभा राहतो. नुसता जोरकस असलेला थांबत नाही, नाक पाडून पळत सुटतो. उभा राहिला की एका मनगटाचा छोटा झटका, टाळी वाजवायला लागतो तेवढाच, आणि लगेच दोन्ही हात पुढे. पतंग पोटावर आडवा होतो, स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतो आणि पुन्हा नाक वर करून उभा राहतो. हा अ‍ॅक्सल. झटका मोठा दिलास किंवा हात पुढे न्यायला उशीर केलास तर दोरी ताणलेलीच राहते आणि गिरकी अर्ध्यात अडकते.

असे दहा अ‍ॅक्सल कर, पाच डावीकडून, पाच उजवीकडून, आणि जमले किती ते वहीत लिही. एकदा जमलेल्या कसरतीवरून मत बनवू नकोस, एकदा फसलेल्यावरूनही नको. मग पतंग पाठीवर पाड. नाक तुझ्याकडे करून तो उताणा तरंगला तर तो फेड. नाक पलीकडे राहिलं तर टर्टल. टर्टलमधून तो हलक्या ओढीनिशी उठतो का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जो उठत नाही तो प्रत्येक चुकीला जमिनीवर येतो आणि शिकणाऱ्याचा अर्धा वेळ चालण्यात जातो. काही पतंगांच्या ठड्ड्याच्या, म्हणजे मधल्या उभ्या कांडीच्या, खालच्या टोकाला काही ग्रॅमचं वजन असतं, त्याने उलटं-सुलटं होणं सोपं जातं. विकणाऱ्याने ते काढून ठेवलं आहे का, विचार.

कसरतीच्या नादात सरळ रेघ मात्र विसरू नकोस. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा ने आणि मध्ये एक काटकोन वळव. स्पर्धांमध्ये संगीतावरच्या नाचाइतकाच ठरलेल्या आकृत्यांचाही कस लागतो. या पतंगाचं कूळच वळवण्याचं आहे. दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बरने अमेरिकी नौदलाच्या तोफचींना नेम धरायला दोन दोऱ्यांनी वळणारा पतंग करून दिला, आणि १९७२ मध्ये इंग्लंडच्या पीटर पॉवेलने असा पतंग खेळ म्हणून लोकांच्या हाती दिला. ढिलेचा हा खेळ नंतरचा.

आता दोऱ्या. पतंगाला दोष देण्याआधी त्या मोज. दोन्हींची टोकं एका खुंटीला अडकव, मूठ हातात घेऊन मागे चाल आणि दोन्ही सारख्या ताण. हातातल्या मुठी एका रेषेत आल्या पाहिजेत. पतंग सारखा डावीकडे झुकतो असं तू लिहिलं आहेस. माझ्या मते उजवी दोरी ताणून लांब झाली आहे, पतंगात काही नाही. दोऱ्या डायनिमाच्या आहेत का तेही बघ. तो धागा इतका गुळगुळीत असतो की आठ-दहा पीळ पडले तरी दोऱ्या एकमेकींवरून सरकतात आणि पतंग ऐकतो. गिरक्यांच्या खेळात पीळ पडणारच.

कापड ओठांशी धरून फुंकर मार. नव्या कापडातून हवा जात नाही. जात असेल आणि हाताला ते रुमालासारखं मऊ लागत असेल, तर पतंग थकला आहे. कार्बनच्या कांड्यांवरून कापसाचा बोळा फिरव, बोट नको. तंतू अडकला की तिथं चीर आहे. माझ्या पहिल्या पतंगाची पंखाची कांडी अशाच न पाहिलेल्या चिरेपाशी मोडली आणि तिचा कुसळासारखा तुकडा तळहातातून काढायला दोन दिवस लागले.

कन्नीला, म्हणजे पतंगाला दोऱ्या जोडणाऱ्या बंधाला, शेवटी हात लाव. तिच्या गाठीची मूळ जागा आधी पेनाने खुणव. मग एका वेळी तीन-चार मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. गाठ नाकाकडे सरकवली की पतंग हलक्या वाऱ्यात सहज चालतो. खाली घेतली की ओढ वाढते आणि वळणं घट्ट होतात. दुपारभरात मी एकदा कन्नीही बदलली, दोऱ्याही आणि वजनही, आणि पतंग बिघडला तो कशाने हे मला महिनाभर कळलं नाही. एका वेळी एकच बदल कर.

हे सगळं गच्चीवर होणार नाही. घरं आणि झाडं वारा फोडतात, आणि फुटक्या वाऱ्यात चांगला पतंगही वाईट ठरतो. रायपुरात मी बुढा तलावापाशी जात नाही, तिथं माणसांची वर्दळ असते. माना विमानतळाच्या बाजूला तर कधीच नाही. १९३४ च्या विमान कायद्याने पतंगही विमानाच्याच व्याख्येत धरला होता, आणि ते बरोबरच होतं. माझी जागा राजिमची. उन्हाळ्यात महानदीचं पात्र आटलं की कुलेश्वराच्या देवळाच्या आसपास लांबच लांब रेती उघडी पडते. वारा सलग येतो, आणि पतंग पडला तरी कांडी मोडत नाही.

आणि संक्रांतीच्या आगेमागे हा पतंग बाहेर काढू नकोस. डायनिमा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो; मांजा घासून गेला की तुझी दोरी तुटलीच. पण मला दोरीची काळजी नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत रायपुरात चिनी मांजाने सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरला आणि तो गेला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच असा नायलॉनचा मांजा देशभर बंद केला आहे, तरी तो विकला जातो. तुझ्या चक्रीवर अजून तसला मांजा असेल तर आजच कात्रीने तुकडे करून टाक, रस्त्यावर फेकू नकोस.

विकणाऱ्याला सांग की निर्णय आठवड्याने देते. दोऱ्या मोजून, सारख्या करून, त्याच मैदानावर, तशाच वाऱ्यात पुन्हा दहा अ‍ॅक्सल कर, आणि दोन्ही वेळचे आकडे मला लिहून पाठव. तोवर पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा