मृग बरसला, तिफण काढू का?

प्रश्न : बीड जिल्ह्यात आमची मध्यम काळी कोरडवाहू जमीन आहे. मृगात दोन सरी आल्या की गाव पेरायला लागतं. गेल्या वर्षी दुबार पेरणी करावी लागली. यंदा सोयाबीन कधी पेरावं?

उत्तर : शेजाऱ्याची तिफण निघाली म्हणून आपली काढू नका. नक्षत्र नव्हे, ओल बघा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावं. पण एकाच तडाख्यात पडून वाहून गेलेला पाऊस त्यात धरू नका. रानात चार-पाच ठिकाणी कुदळीने वीतभर खणा, तळची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल पोचली. वर चिखल, खाली धग असेल तर बी उगवतं खरं, पण आठवड्याच्या उघडिपीत माना टाकतं.

घरचं बियाणं असल्यास १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० तरी उगवायला हवेत. पेरताना तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नकोच. १५ जुलै उलटला तर सोयाबीनचा हट्ट सोडा. बाजरी, तूर किंवा सूर्यफूल घ्या. भाव कमी मिळाला तरी चालेल, बियाण्याचे पैसे दोनदा मोजावे लागणार नाहीत.